सर शिकवत नाहीत, नुसतं बोलायला लावतात

दिल्लीतल्या ओल्ड राजिंदर नगरच्या गल्ल्यांत महाराष्ट्रातून आलेली मुलं-मुली सकाळी चहाच्या टपरीवर उभ्या-उभ्या इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय वाचतात आणि अवघड शब्दांखाली रेघा मारतात. दिवसभर लायब्ररीत बसून इंग्रजीतून नोट्स काढतात. दहावी-बारावीला इंग्रजीत चांगले मार्क असतात, वाचलेलं समजतं, लिहिलेलं बहुतेक बरोबर असतं. पण नोकरीसाठी गुरुग्रामच्या एखाद्या कंपनीतून फोन येतो, पलीकडून ‘टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ’ असं ऐकू येतं आणि इकडे घशाला कोरड पडते. शब्द माहीत असतात, व्याकरण पाठ असतं, तरी वाक्य काही बाहेर पडत नाही.

हे कोडं आपल्या ओळखीचं आहे. त्याच्या जोडीला दुसरं एक कोडं आहे, त्याची चर्चा कमी होते. हाच मुलगा किंवा हीच मुलगी लक्ष्मी नगर नाहीतर मुखर्जी नगरमध्ये स्पोकन इंग्लिशचा क्लास लावते. तिथे एखादे सर व्याकरणाचं पान उघडण्याऐवजी वर्गाच्या जोड्या पाडतात, प्रत्येकाच्या हातात एक कागद देतात आणि म्हणतात, ‘पंधरा मिनिटांत हा प्रश्न इंग्रजीतून बोलून सोडवा.’ म्हणजे ज्याच्यासाठी फी भरली, तेच नेमकं करायला लावतात. आणि आठवडाभरात तक्रार सुरू होते : ‘सर काही शिकवत नाहीत, नुसतं बोलायला लावतात.’

या पद्धतीला कार्याधारित अध्यापन म्हणतात; वर्गात सगळे ‘टास्क’ एवढंच म्हणतात. विद्यार्थ्यांची ही कुरकुर अडाणीपणाची आहे, असं मानून पुढे जाणारे शिक्षक पुष्कळ आहेत. माझ्या मते त्या कुरकुरीत निम्मा गैरसमज आहे आणि निम्मी तक्रार रास्त आहे. ही दोन निम्मी वेगळी काढायची, तर आधी बोलताना डोक्यात काय चालतं ते पाहायला हवं.

एका वाक्यामागची धावपळ

डच मानसशास्त्रज्ञ विलेम लेवेल्ट यांनी १९८९मध्ये ‘स्पीकिंग’ या ग्रंथात बोलण्याच्या क्रियेची मांडणी केली. तिचे ढोबळ तीन टप्पे आहेत. आधी काय सांगायचं ते ठरतं. मग त्यासाठी शब्द निवडले जातात आणि ते व्याकरणाच्या साच्यात बसतात. शेवटी जीभ, ओठ, घसा कामाला लागून आवाज निघतो. साध्या गप्पांतही माणूस सेकंदाला दोन-तीन शब्द बोलतो. म्हणजे पहिल्या वाक्याचा आवाज निघत असताना दुसऱ्याचे शब्द निवडले जात असतात आणि तिसऱ्यात काय सांगायचं याचा विचार सुरू असतो. मातृभाषेत शेवटचे दोन टप्पे आपोआप पार पडतात, त्यामुळे सगळं लक्ष पहिल्याला देता येतं.

परक्या भाषेत शेवटचे दोन टप्पे आपोआप होत नाहीत. ‘तो काल आला होता’ हे मनात मराठीत तयार होतं, मग ‘केम’ की ‘हॅड कम’ असा प्रश्न पडतो, मग नियम आठवायचा, मग उच्चार. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. दिल्लीच्याच पुस्तक महल या प्रकाशनाचा, कपिल देवच्या जाहिरातीमुळे घरोघरी पोचलेला रॅपिडेक्सचा इंग्लिश स्पीकिंग कोर्स मराठी घरांतल्या फडताळांतही दिसायचा. अशा पुस्तकांनी नियम आणि वाक्यं भरपूर दिली. पण ती शांतपणे, हवा तितका वेळ घेऊन वापरायची होती. समोरचा माणूस वाट पाहत उभा असताना, सेकंदाला दोन शब्दांच्या वेगाने ती वापरण्याची सवय पुस्तकातून होत नाही.

पहिल्यांदा भाकरी थापणाऱ्याकडे पाहावं. कड फुटू नये म्हणून सगळं लक्ष बोटांकडे, तेवढ्यात तवा तापून धूर निघतो; तव्याकडे पाहिलं की भाकरी परातीला चिकटते. कृती तोंडपाठ असून उपयोग नसतो, कारण लक्ष एकच आणि मागणी तीन ठिकाणांहून. भाषेच्या बाबतीत नेमकं हेच ब्रिटिश अभ्यासक पीटर स्केहान यांनी १९९०च्या दशकात मांडलं. बोलताना ओघ, अचूकता आणि वाक्यांची गुंतागुंत या तीन गोष्टी एकाच मर्यादित लक्षावर हक्क सांगतात. ओघाकडे लक्ष दिलं की ‘ही गो’ होतं. अचूकतेकडे दिलं की दोन शब्दांमध्ये ‘अं… अं…’ येतं. शिकणाऱ्याला वाटतं, आपलं व्याकरण कच्चं आहे. खरं तर व्याकरण आहे, ते वेळेवर हाताशी येत नाही. मग तो आणखी व्याकरण मागतो.

बंगळुरूत झालेला प्रयोग

टास्क पद्धत विलायतेतून आली असा अनेकांचा समज असतो. तिचा जगात सर्वांत जास्त उल्लेख होणारा पहिला मोठा प्रयोग मात्र आपल्याकडच्या सरकारी शाळांसारख्या साध्या वर्गांत झाला. एन. एस. प्रभू तेव्हा मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. बंगळुरूच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशच्या सहकार्याने त्यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांमध्ये हा प्रयोग चालवला. जगभर तो ‘बंगलोर प्रोजेक्ट’ म्हणून ओळखला जातो आणि त्याची हकिकत प्रभूंच्या १९८७च्या ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ या पुस्तकात आहे.

त्या काळी शाळांत इंग्रजी वाक्यरचनांच्या क्रमाने शिकवलं जाई. आज ‘धिस इज’, उद्या ‘देअर आर’, फळ्यावर वाक्य, वर्गाचा एका सुरात उच्चार. मुलं ती वाक्यं वर्गात बरोबर म्हणत आणि बाहेर वापरू शकत नसत. प्रभूंचा अंदाज सरळ होता : मुलाचं लक्ष अर्थावर खिळलेलं असताना व्याकरण नकळत मुरतं. म्हणून त्यांनी वाक्यरचनांची यादीच बाजूला ठेवली आणि त्या जागी प्रश्न आणले. रेल्वेचं वेळापत्रक, शाळेचं वेळापत्रक, नकाशे, महिन्याचं कॅलेंडर, टपालाचे दर, तारेचा मजकूर कमीत कमी शब्दांत बसवणं. अमुक गाडीने निघालो तर दुसरी गाडी पकडता येईल का, हा हिशेब इंग्रजीत करायचा. इंग्रजी हा त्या तासाचा विषय नसायचाच.

रीतही ठरलेली असे. आधी शिक्षक साऱ्या वर्गाबरोबर एक प्रश्न तोंडी सोडवून दाखवी. मग तसाच दुसरा प्रश्न मुलांनी एकेकट्याने सोडवायचा. मार्क उत्तराला मिळत, भाषेला नाही. साधारण निम्म्या वर्गाला निम्मं तरी जमलं, तर प्रश्नाची काठिण्यपातळी योग्य मानली जाई. त्याहून सोपा प्रश्न निरुपयोगी, त्याहून अवघड असेल तर मुलं हात टेकतात.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज टास्क म्हटलं की गट आणि जोड्या डोळ्यांसमोर येतात, पण प्रभूंना वर्गातलं गटकाम फारसं पसंत नव्हतं. मुलं एकमेकांचं मोडकंतोडकं इंग्रजी ऐकून तेच पक्कं करतील, अशी त्यांना भीती होती. दिल्लीच्या क्लासमधला विद्यार्थी ‘पार्टनरचं इंग्रजी माझ्याहून वाईट आहे, त्याच्याशी बोलून काय मिळणार’ असं कुरकुरतो, तेव्हा तो नकळत प्रभूंच्याच बाजूने बोलत असतो.

प्रयोगाचं मूल्यमापन अ‍ॅलन बेरेटा आणि अ‍ॅलन डेव्हिस यांनी केलं. ते १९८५मध्ये प्रसिद्ध झालं. वाक्यरचनांच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीने शिकलेले वर्ग पुढे होते. टास्कच्या चाचणीत प्रयोगातले वर्ग पुढे, यातही नवल नाही. पण दोन्ही बाजूंना सारख्याच असलेल्या चाचण्यांत, म्हणजे संदर्भात वापरलेलं व्याकरण, श्रुतलेखन, ऐकून-वाचून समजणं यांत, प्रयोगातली मुलं सरस ठरली. व्याकरण न शिकवलेली मुलं वापराच्या व्याकरणात पुढे गेली. मूल्यमापन करणाऱ्यांनी मात्र निष्कर्ष सावधपणेच मांडला होता.

भाड्याच्या खोलीचं एक टास्क

आता दिल्लीचंच एक उदाहरण घेऊ. दोघांची जोडी. एकाच्या कागदावर तीन खोल्यांची माहिती आहे : राजिंदर नगरची, जीटीबी नगरची आणि लक्ष्मी नगरची. भाडं, विजेचं बिल, मेट्रोपासून अंतर, मेस. दुसऱ्याच्या कागदावर भाडेकरूच्या अटी आहेत : महिन्याला दहा हजारांच्या वर नको, रात्री उशिरापर्यंत लायब्ररी हवी, रोज करोल बागला क्लास. एकमेकांचे कागद पाहायचे नाहीत. बोलून एक खोली ठरवायची आणि ती का निवडली ते वर्गाला सांगायचं.

समजा एक जण लातूरचा आहे, एक कोट्टायमचा. संभाषण साधारण असं जातं :

‘रेंट… हाऊ मच?’
‘नाइन थाउजंड. बट लाइट बिल सेपरेट.’
‘सेपरेट मीन्स… वी पे?’
‘यस, यू पे. पर युनिट एट रुपीज.’
‘देन टोटल गो अबव टेन. माय बजेट टेन ओन्ली.’
‘सो नो एसी. विदाउट एसी, ओके?’

व्याकरणाच्या शिक्षकाने या सहा ओळींवर लाल शाईने सडा घातला असता. पण यात काय घडलं ते बघा. ‘सेपरेट मीन्स’ म्हणून एकाने अडलेलं विचारलं आणि दुसऱ्याने ते सोपं करून सांगितलं. अमेरिकी अभ्यासक मायकेल लाँग यांच्या मते भाषा शिकण्याचा गाभा इथेच आहे : अर्थ अडतो, दोघं मिळून तो सोडवतात, आणि त्या क्षणी कानावर पडलेला शब्द डोक्यात रुततो, कारण त्याची गरज त्या क्षणी होती. ‘अबव’ हा शब्द लातूरच्या मुलाने शेकडो वेळा वाचला असेल. तोंडाने तो कदाचित पहिल्यांदाच वापरला.

‘टोटल गो’ म्हणताना तो क्षणभर अडखळला, असं धरू. काहीतरी कमी पडतंय हे त्याला जाणवलं. हेही मोलाचं आहे. कॅनडात शाळेचे सगळे विषय फ्रेंचमधून शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास मेरिल स्वेन यांनी केला. वर्षानुवर्षं उत्तम फ्रेंच ऐकूनही त्या मुलांच्या बोलण्यात चुका राहत होत्या. १९८५मध्ये स्वेन यांनी त्याचं कारण मांडलं : ऐकताना संदर्भावरून अर्थ लागतो, व्याकरणाकडे पाहावंच लागत नाही. बोलताना मात्र आपल्याला काय येत नाही ते कळतं.

टास्कचा तास इथे संपत नाही, आणि पुष्कळ क्लासेस नेमके इथेच तो संपवतात. जेन विलिस यांनी १९९६मध्ये जो आराखडा दिला, त्यात टास्कनंतर जोडीला अहवालाची तयारी करायला वेळ मिळतो. आता चाळीस जणांसमोर बोलायचं असतं, त्यामुळे मुलं आपसूक अचूकतेकडे वळतात; ‘माय बजेट टेन ओन्ली’चं ‘अवर बजेट वॉज टेन थाउजंड, सो वी रिजेक्टेड द रूम विथ एसी’ होतं. शेवटी शिक्षक वर्गात ऐकलेली चार-पाच वाक्यं फळ्यावर लिहितात, आणि त्यानंतर व्याकरण येतं. एरवी ते तासाच्या सुरुवातीला येतं, तेव्हा विद्यार्थ्याला त्याची काहीच गरज भासलेली नसते.

चौकट : हे टास्क आहे की नुसता सराव?

• दोघांपैकी एकाकडे अशी माहिती आहे का, जी दुसऱ्याला हवी आहे? किंवा दोघांना मिळून हिशेब, तर्क, निवड करायची आहे का?
• शेवटी हातात काही निघतं का : ठरलेली खोली, आखलेला मार्ग, लावलेला क्रम?
• कुठले शब्द, कुठला काळ वापरायचा हे बोलणाऱ्यावर सोडलं आहे का?
• तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर ते टास्क. ‘पावसाळ्यावर दोन मिनिटं बोला’ किंवा ‘ग्राहक-दुकानदार संवाद पाठ करून म्हणा’ हा सराव झाला. तोही उपयोगी आहे, पण त्याचं काम वेगळं.

मग नाराजी कसली?

एवढं सगळं ठीक असेल तर विद्यार्थी नाराज का? पहिलं कारण डोक्याच्या एका खोडीत आहे. छान, सरळ, ओघवतं व्याख्यान ऐकलं की आपण शिकलो असं वाटतं. धडपडत, चुकत काही केलं की आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. हार्वर्ड विद्यापीठात लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात हे तपासलं. निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. एकच मजकूर काही विद्यार्थ्यांनी उत्तम व्याख्यानातून ऐकला, काहींनी गटात प्रश्न सोडवत शिकला. चाचणीत प्रश्न सोडवणारे पुढे होते. पण ‘तुम्ही किती शिकलात?’ असं विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. शिकणं आणि शिकल्याची भावना यांनी चक्क उलट दिशा धरल्या. हार्वर्डच्या मुलांचं हे होत असेल तर लक्ष्मी नगरमध्ये पदरचे पैसे मोजून बसलेल्या मुलाने वहीतल्या नोट्स मोजल्या, यात त्याचं काय चुकलं? टास्कच्या तासाला वही कोरीच राहते. ‘आज काय शिकवलं?’ असं रूममेटने विचारलं तर दाखवायला पान नसतं.

दुसरं कारण हसू होण्याचं. इलेन हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये परभाषेच्या वर्गातली भीती मोजण्यासाठी तेहतीस विधानांची एक प्रश्नावली बनवली. ती आजही जगभर वापरली जाते. तिच्यामागचा विचार असा की ही भीती नुसत्या परीक्षेच्या भीतीसारखी नसते. परक्या भाषेत बोलताना शहाणा, विनोदी, वयात आलेला माणूस अचानक पाच वर्षांच्या मुलासारखा बोलू लागतो, आणि ते सगळ्यांसमोर. आपल्याकडे त्यात भर पडते, कारण इंग्रजी बोलण्यावरून माणसाचं घर, शाळा, खिसा सगळं जोखलं जातं. दिल्लीत तर ‘कॉन्व्हेंटवाला’ आणि ‘हिंदी मीडियम’ ही दोन टोकं एकाच बाकावर बसतात.

मराठी मुलाची आणखी एक गंमत होते. त्याचा पार्टनर पाटण्याचा किंवा मेरठचा असेल तर दोघांनाही हिंदी येते. मग इंग्रजी बोलणं नाटकासारखं वाटतं आणि पाचव्या मिनिटाला गाडी हिंदीवर घसरते. त्यातही मराठी मुलाची हिंदी ‘मेरेको’, ‘तेरेको’वाली, तिच्यावरही कोणीतरी हसतंच. पण पार्टनर कोट्टायमचा किंवा ऐझॉलचा असेल, तर इंग्रजीला पर्याय उरत नाही आणि लाज आपोआप मागे पडते. दिल्लीच्या क्लासला देशभरातून विद्यार्थी मिळतात, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. जोड्या पाडताना ती वापरणारे शिक्षक मात्र थोडे. बहुतेक ठिकाणी शेजारी बसलेला तोच पार्टनर, आणि शेजारी मित्रच बसतो.

रास्त अर्धी तक्रार

पार्टनरच्या चुका चिकटतील ही भीती बरीचशी अनाठायी आहे. पॅट्रिशिया पोर्टर यांनी १९८०च्या दशकात शिकणाऱ्यांच्या आपसातल्या संभाषणांचा अभ्यास केला, तेव्हा जोडीदाराची चूक उचलून पुन्हा केल्याची उदाहरणं फारच थोडी सापडली. आपल्या बहुतेक चुका आपल्या स्वतःच्याच असतात. ‘ओन्ली’ शेवटी लावणं पार्टनरकडून नाही, आपल्या भाषेच्या वळणातून येतं.

पण ‘माझ्या चुका कोणी सांगत नाही’ ही तक्रार खरी आहे. रेनाटे शुल्झ यांनी अमेरिका आणि कोलंबिया इथल्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना एकच प्रश्न विचारले. दोन्हीकडे विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या कल्पनेपेक्षा जास्त चूक-दुरुस्ती हवी होती. मूल दुखावेल म्हणून शिक्षक गप्प राहतात, आणि मूल म्हणतं, सांगा ना!

काही शिक्षक सांगतात, पण असं की कळू नये. विद्यार्थी म्हणतो, ‘ही गो देअर येस्टर्डे’. सर मान हलवून म्हणतात, ‘ओह, ही वेंट देअर?’ आणि पुढे जातात. रॉय लिस्टर आणि लायला रांता यांनी १९९७मध्ये कॅनडातल्या वर्गांत अशा दुरुस्त्या मोजल्या. शिक्षकांच्या दुरुस्तीचे निम्म्याहून अधिक प्रसंग या मवाळ प्रकाराचे होते, आणि त्यांना विद्यार्थ्यांकडून काही प्रतिसाद मिळण्याचं प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी होतं. विद्यार्थ्याला वाटतं, सर आपल्या बोलण्याला दुजोरा देतायत. त्याऐवजी ‘काय म्हणालास? काल ना?’ असं विचारून त्यालाच दुरुस्त करायला लावलं, तर प्रतिसाद जास्त मिळतो. टास्क चालू असताना टोकू नये, ओघ तुटतो, हे मान्य. पण टास्क संपल्यावरची दहा मिनिटं दुरुस्तीची असायलाच हवीत. ती खाल्ली गेली तर विद्यार्थ्याची नाराजी शंभर टक्के योग्य आहे.

परीक्षेचंही तसंच. जे मोजलं जातं त्यालाच विद्यार्थी अभ्यास समजतो. दिल्लीत मुख्यालय असलेल्या सीबीएसईने २०१२-१३पासून नववी आणि अकरावीला इंग्रजी बोलण्या-ऐकण्याचं मूल्यमापन आणलं होतं. त्यात जोडीने एखादा प्रश्न सोडवण्याचाही भाग होता. आपल्या राज्य मंडळाच्या शाळेतून आलेल्या बहुतेकांनी मात्र इंग्रजी हा लेखी पेपरच मानला. २०००पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं तरी हे समीकरण फारसं हललं नाही. आयईएलटीएसच्या तयारीला बसलेल्या मुलांचं मत टास्कबद्दल सहसा बरं का असतं, तेही यातून कळतं. तिथली बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते आणि गुण चार निकषांवर सारखे वाटलेले असतात : ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. व्याकरणाचा वाटा चतुर्थांशच, हे कळलं की विद्यार्थी स्वतःहून पार्टनर शोधतो. उलट यूपीएससीची मुलाखत मराठीतूनही देता येते. त्यामुळे ‘मुलाखतीसाठी इंग्रजी हवंच’ या धास्तीने क्लास लावलेल्याला थोड्या दिवसांत टास्कचा हेतूच कळेनासा होतो.

मत कशाने बदलतं

अगदी साधा उपाय आधी. हार्वर्डच्या त्याच अभ्यासात असंही दिसलं की सुरुवातीलाच शिक्षकांनी ‘तुम्हाला कमी शिकल्यासारखं वाटेल, पण चाचण्या वेगळं सांगतात’ हे समजावून दिलं, तर विद्यार्थ्यांची नाराजी बरीच कमी होते. आपल्याकडे हे कोणी सांगतच नाही. कागद वाटले जातात आणि ‘चलो, स्टार्ट’.

दुसरं म्हणजे तयारीचा वेळ. पॉलिन फॉस्टर आणि पीटर स्केहान यांनी १९९६च्या अभ्यासात काही जोड्यांना टास्कआधी दहा मिनिटं विचार करायला दिली. त्यांचं बोलणं जास्त ओघवतं आणि वाक्यं जास्त भरीव झाली. काय सांगायचं ते आधीच ठरलं की लेवेल्टचा पहिला टप्पा हलका होतो आणि उरलेलं लक्ष शब्दांना मिळतं. भीतीही थोडी उतरते.

तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण त्यात प्रगती विद्यार्थ्याला स्वतःला दिसते. पॉल नेशन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेल्या या प्रकाराला ‘चार-तीन-दोन’ म्हणतात. तुम्ही एक गोष्ट, समजा गावाहून दिल्लीला आलात त्या प्रवासाची, चार मिनिटांत एकाला सांगता. मग दुसऱ्या श्रोत्याला तीच तीन मिनिटांत. मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. श्रोता दर वेळी नवा, म्हणून सांगण्यात खोटेपणा वाटत नाही. गोष्ट तीच, म्हणून विचाराचं ओझं घटतं. तिसऱ्या खेपेला ‘अं…’ कमी होतात, वाक्यं जुळतात. पहिली आणि तिसरी खेप मोबाइलवर रेकॉर्ड करून लागोपाठ ऐकली की ‘आज काय शिकवलं?’ या प्रश्नाला रूममेटला ऐकवायला काहीतरी मिळतं. कोऱ्या वहीची तक्रार मग फारशी उरत नाही.

एका तासात किती मिनिटं तुमची?

गुरुग्राममध्ये १९९७मध्ये जीईने आपलं केंद्र सुरू केलं (तीच कंपनी पुढे जेनपॅक्ट झाली) आणि पाठोपाठ एनसीआरमध्ये फोनवर इंग्रजी बोलण्याच्या नोकऱ्यांची रांग लागली. क्लासेसही त्यांच्यामागून आले. दिल्ली सरकारनेही २०२२मध्ये स्किल अँड आंत्रप्रिन्योरशिप युनिव्हर्सिटीमार्फत ५० केंद्रांवर मोफत स्पोकन इंग्लिशचा अभ्यासक्रम जाहीर केला. त्याला ९५० रुपये अनामत ठेवली होती, अभ्यासक्रम पूर्ण केला की परत. मुलं अर्ध्यात सोडून जातात हे सरकारनेही धरून चालल्याचं त्या अनामतीवरून दिसतं.

क्लास निवडताना लोक शिक्षकाचं इंग्रजी ऐकतात. त्याऐवजी एक हिशेब करावा. चाळीस जणांचा वर्ग, साठ मिनिटांचा तास. सर एकेकाला उभं करून बोलायला लावत असतील आणि स्वतः एक शब्दही बोलत नसतील, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. सर अर्धा तास स्वतः बोलले तर पाऊण मिनिट. तेच जोड्यांचं टास्क वीस मिनिटं चाललं तर प्रत्येकाला साधारण दहा मिनिटं तोंड उघडावं लागतं, आणि उरलेल्या दहा मिनिटांत ऐकून समजून घ्यावं लागतं. आठवड्याचे पाच तास धरले तर फरक किती होतो ते कागदावर मांडून पाहावं.

मोफत डेमो लेक्चरवरून हा हिशेब कळत नाही. डेमोला सर स्वतः बोलतात, रंगवून बोलतात, तासाभरात बारा काळ फळ्यावर मांडून दाखवतात, आणि बाहेर पडताना आपण खूप शिकलो असं प्रत्येकाला वाटतं. डेमो असतोच त्यासाठी. म्हणून चौकशीच्या खिडकीवर एवढंच विचारावं, की महिनाभर चाललेल्या एखाद्या बॅचच्या तासाला, मधल्या वारी, मागच्या बाकावर बसू देता का.